आवारातील बस आणि सायकल : एक हिशोब

(बी. कॉम., पाचवे सत्र)

या लेखाला निमित्त झाले ते एका फजितीचे. गेल्या डिसेंबरात आम्ही वाणिज्य शाखेच्या तिघी जणी एका विद्यापीठात निबंधवाचनासाठी गेलो होतो. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण तक्रार करणे हा या लेखाचा हेतू नाही. सकाळी साडेनऊला आम्ही मुख्य फाटकाशी उतरलो. निबंधवाचन दहाला होते आणि सभागृह अडीच किलोमीटर आत होते. आवारात फिरणारी बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची अर्ध्या तासाने येईल, असे फाटकावरच्या मामांनी सांगितले. ती वेळेवर येईलच याचा भरवसा वाटेना, म्हणून आम्ही हातात तक्ते घेऊन चालत निघालो. वाटेत दोनदा रस्ता चुकलो. सभागृहात पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. पहिलेच नाव आमचे होते आणि ते पुकारून झाले होते. दीड महिना खपून तयार केलेला निबंध पिशवीतच राहिला. संयोजकांनी चहा दिला, प्रमाणपत्रही दिले, पण निबंध वाचला गेला नाही तो नाहीच.

घरी येऊन ही हकिकत सांगितली तेव्हा बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी एम. कॉम.साठी तुला अशाच ठिकाणी राहायचं आहे. रोज असंच झालं तर? गाडी घेऊ या का एखादी?" गाडी म्हणजे स्कूटर आणि स्कूटर म्हणजे कर्जाचा हप्ता. याच वर्षी माझ्या धाकट्या भावाला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा आहे. एका घरातून हप्ता आणि फी दोन्ही निघणे कठीण. मी बाबांना म्हटले, "बाबा, आधी हिशोब मांडते. मग ठरवू." तो हिशोब मांडता मांडता जे शिकायला मिळाले, ते आपल्या नियतकालिकाच्या वाचकांपुढे ठेवत आहे.

१. आधी वेळेचा हिशोब

माणूस साधारण ताशी पाच किलोमीटर चालतो. म्हणजे अडीच किलोमीटरला तीस मिनिटे. सायकलचा वेग पुस्तकातून घेण्याऐवजी मी स्वतः मोजला. माझे घर वडगावला आणि कॉलेजपर्यंतचे अंतर योगायोगाने अडीच किलोमीटरच आहे. सहा दिवस घड्याळ लावून गेले. लागलेली मिनिटे अशी : १२, १३, १२, १४, १२, १२. बेरीज ७५, सरासरी साडेबारा मिनिटे. वेग पडला ताशी बारा किलोमीटर. यात सायकल लावणे आणि कुलूप घालणे यांची तीन मिनिटे मिळवली की एकूण साडेपंधरा मिनिटे झाली.

आता बस. थांबे धरून तिचा वेग ताशी वीस किलोमीटर मानू. अडीच किलोमीटरला साडेसात मिनिटे लागतील. वरवर पाहता बस सायकलच्या निम्म्या वेळात पोचवते. परंतु बसच्या वेळेत वाट पाहण्याचा वेळ धरावाच लागतो. बस ठराविक अंतराने येत असेल आणि आपण केव्हाही थांब्यावर जात असू, तर सरासरी प्रतीक्षा त्या अंतराच्या निम्मी असते. बस दर तीस मिनिटांनी असेल, तर प्रतीक्षा पंधरा आणि प्रवास साडेसात, मिळून साडेबावीस मिनिटे. दर दहा मिनिटांनी असेल, तर पाच आणि साडेसात मिळून साडेबारा.

मग सायकल आणि बस यांची बरोबरी कोठे होते? कॉस्टिंगच्या तासाला आपण ब्रेक-इव्हन पॉइंट काढतो तशीच ही रीत आहे. साडेपंधरातून साडेसात वजा केले की आठ उरतात. प्रतीक्षा आठ मिनिटांची असेल, तर दोन बसमधील अंतर सोळा मिनिटांचे होते. म्हणजे अडीच किलोमीटरच्या वाटेवर बस सोळा मिनिटांपेक्षा लवकर लवकर येत असेल तर बसने जावे आणि उशिरा येत असेल तर सायकलने.

येथे एक गोम आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. निम्म्या प्रतीक्षेचा नियम फक्त नियमित बसला लागू पडतो. समजा, एका तासात चार बस आहेत, म्हणजे सरासरी अंतर पंधरा मिनिटे. पण त्या एकदा पाच मिनिटांनी आणि एकदा पंचवीस मिनिटांनी येतात. कागदावर सरासरी पंधराच आहे. तरीही थांब्यावर येणारा विद्यार्थी त्या लांबलचक पंचवीस मिनिटांतच सापडण्याचा संभव तीसात पंचवीस, म्हणजे सहात पाच इतका आहे. भारित सरासरी काढली तर प्रतीक्षा साडेसात न येता जवळजवळ अकरा मिनिटे येते. बस तेवढ्याच, चालक तेवढेच आणि डिझेलही तेवढेच, पण केवळ अनियमितपणामुळे प्रत्येकाची साडेतीन मिनिटे वाया जातात. "बस आहेत हो, पण मिळत नाहीत," असे विद्यार्थी म्हणतात ते उगाच नव्हे. ते न शिकता संख्याशास्त्रच सांगत असतात.

२. गर्दीचा हिशोब

विद्यापीठाच्या बसचे आणखी एक दुखणे आहे. शहरातील बसला दिवसभर थोडे थोडे प्रवासी मिळतात. आवारातील बसला मात्र तास सुटला की एकदम झुंबड आणि मग पाऊण तास शुकशुकाट. समजा, एकाच वेळी ३०० विद्यार्थी सुटले. बस दोन आहेत, प्रत्येकीत ४० जण मावतात आणि जाऊन येण्यास वीस मिनिटे लागतात. पहिल्या फेरीत ८० गेले. विसाव्या मिनिटाला आणखी ८०, चाळिसाव्याला आणखी ८० आणि उरलेले ६० बरोबर एक तासाने बसमध्ये चढतील. चालत निघालेला विद्यार्थी तीस मिनिटांत पोचलेला असेल!

यावर लगेच सुचणारा उपाय म्हणजे आणखी बस घेणे. परंतु दिवसातून दोनदा लागणाऱ्या गर्दीसाठी घेतलेली बस उरलेला दिवस झाडाखाली उभी राहते आणि तिचा विमा, घसारा, चालकाचा पगार हे काही उभे राहत नाहीत. त्यापेक्षा निम्मे वर्ग चाळीस मिनिटे उशिरा सोडले, तर त्याच दोन बसमध्ये कोणालाही वीस मिनिटांहून अधिक थांबावे लागणार नाही. यासाठी एक रुपयाही लागत नाही, फक्त वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकांना एक संध्याकाळ जास्त बसावे लागेल.

दुसरा उपाय सायकलचा. त्या ३०० पैकी १४० जण सायकलने गेले, तर बससाठी १६० उरतात आणि दोन फेऱ्यांत सारे जातात. म्हणजे सायकलवाला हा बसवाल्याचा प्रतिस्पर्धी नसून उपकारकर्ता आहे. तो आपली जागा दुसऱ्याला देऊन जातो.

३. पैशाचा हिशोब

पुढील आकडे मी हिशोब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून तो पुन्हा करावा.

सायकल ६,००० रुपयांची, आयुष्य सहा वर्षे, मोडीची किंमत ६०० रुपये. सरळ रेषा पद्धतीने घसारा वर्षाला ९००. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, तेलपाणी, पंक्चर मिळून ११००. एकूण वर्षाला २,०००. कॉलेजचे दिवस २०० धरले, तर दिवसाला दहा रुपये.

स्कूटर ९०,००० रुपयांची, आयुष्य दहा वर्षे, मोड १०,०००. घसारा वर्षाला ८,०००. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून ५,०००. रोज पाच किलोमीटर म्हणजे वर्षाला हजार किलोमीटर, त्याला सुमारे २२ लिटर पेट्रोल. लिटरला १०० रुपये धरले तर २,२००. एकूण १५,२००, दिवसाला ७६ रुपये. कर्जाचे व्याज यात धरलेलेच नाही. दोन वर्षांत सायकल आणि स्कूटर यांतील फरक २६,४०० रुपयांचा पडतो. हा आकडा लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भावाच्या प्रवेशाचा अर्ज होता.

बस मात्र "फुकट" असते, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती फुकट नसते, तिचे तिकीट फीच्या पावतीत लपलेले असते. एका बसचा दिवसाचा सर्व खर्च ५,००० रुपये धरू. त्यातील बहुतेक भाग स्थिर खर्चाचा आहे. बसमध्ये एक बसो की चाळीस, चालकाचा पगार तोच. दिवसात ५०० जणांनी प्रवास केला तर माणशी दहा रुपये, २५० जणांनीच केला तर माणशी वीस. म्हणजे बस जितकी भरते तितकी ती स्वस्त होते. पण एकेचाळिसावा विद्यार्थी आला की दुसरी बस लागते आणि खर्च एकदम एक पायरी चढतो. स्थिर खर्च हा कायमचा स्थिर नसतो, एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो. पुस्तकातले हे वाक्य मला त्या फाटकाशी उभे असताना खरे कळले.

४. इतरांनी काय केले?

हा प्रश्न जगातील अनेक विद्यापीठांपुढे आला आणि प्रत्येकाने आपल्या जमिनीप्रमाणे तो सोडवला.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डेव्हिस नावाचे गाव आहे. तेथील विद्यापीठाचे आवार सपाट आणि विस्तीर्ण. १९६७ साली या गावाने रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली. त्या देशातील ही पहिली मानली जाते. आवारात सायकलींची इतकी दाटी होते की चौकांत सायकलींसाठी गोल वळणे बांधावी लागली. दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, तेथील विद्यार्थी संघटनेने लंडनच्या दोन जुन्या दुमजली बस आणून स्वतःची बससेवा सुरू केली. ती आजही चालू आहे आणि बस चालवणारे बहुतांश विद्यार्थीच असतात. पदवीचे विद्यार्थी ओळखपत्र दाखवून बसतात, कारण भाडे फीमध्येच घेतलेले असते. जेथे सायकल सर्वात जास्त रुजली तेथेच बसही रुजली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. टाकून दिलेल्या सायकली गोळा करून त्यांचा लिलावही तेथे होतो.

आपल्या देशात खरगपूरच्या आय. आय. टी.चे उदाहरण आहे. ही संस्था १९५१ साली हिजलीच्या जुन्या बंदिशाळेच्या इमारतीत सुरू झाली. तिचे आवार सुमारे २१०० एकरांचे आणि जमीन सपाट, म्हणून तेथे विद्यार्थी आला की आधी सायकल घेतो. उलट मुंबईत पवईच्या आय. आय. टी.त टेकडी आणि तलाव यांच्यामध्ये रस्ते चढउताराचे आहेत. तेथे 'टमटम' नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गाड्या वसतिगृहे आणि वर्ग यांच्यामध्ये फिरतात. धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या टेकडीवर सायकल दामटणाऱ्याला चढ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तात्पर्य, सपाट जमिनीचा उपाय टेकडीला लागू पडत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे सामायिक सायकल. याची सुरुवात १९६५ साली अॅमस्टरडॅमला झाली. काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. ज्याला हवी त्याने न्यावी आणि काम झाले की सोडावी. परंतु बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. १९९६ साली इंग्लंडमधील पोर्टस्मथ विद्यापीठाने चुंबकीय पट्टीचे कार्ड देऊन सायकली दिल्या, त्यामुळे सायकल कोणी नेली हे कळू लागले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१२ साली आणि पुणे विद्यापीठात डिसेंबर २०१७ मध्ये अशा योजना सुरू झाल्या. पुण्याची योजना थोड्याच वर्षांत मागे पडली. एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात असे का व्हावे, याचे उत्तर मला आमच्या आजोबांच्या दुकानात सापडले.

५. आजोबांचे दुकान

वडगावच्या रस्त्याला माझ्या आजोबांचे तासावर सायकली भाड्याने देण्याचे दुकान होते. ते २००९ साली बंद झाले. आजोबाही आता नाहीत, पण त्यांच्या चार वह्या बाबांनी जपून ठेवल्या आहेत. वहीत पाच रकाने : सायकलचा नंबर, नाव, गल्ली, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. नंबर मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने रंगवलेला. एकूण बावीस सायकली, त्यांपैकी सहा मुलांच्या लहान सायकली. मे महिन्याच्या सुट्टीत लहान सायकलींसाठी मुले रांग लावत. ओळखीचा असला तर नावावर सायकल मिळे. अनोळखी असला तर ठेव म्हणून घड्याळ किंवा पैसे ठेवावे लागत. पंक्चर झाले तर ते नेणाऱ्याने काढायचे.

हीच सामायिक सायकल नव्हे काय? कार्डाच्या जागी वही होती आणि कुलपाच्या जागी ओळख होती. मात्र दोन फरक महत्त्वाचे आहेत.

पहिला फरक असा की आजोबांची सायकल जेथून नेली तेथेच परत येई. आवारातील सामायिक सायकल मात्र कोठेही सोडता येते. ही सोय मोठी आहे, पण तिचा खर्च चालकाच्या डोक्यावर बसतो. सकाळी सर्व सायकली वसतिगृहाकडून वर्गाकडे जातात. उताराने खाली जायला सगळे तयार असतात, चढावर कोणी नेत नाही. दुपारी एका टोकाला सायकलींचा ढीग आणि दुसऱ्या टोकाला एकही नाही. मग टेम्पो लावून त्या परत न्याव्या लागतात. अर्ध्या तासाला दोन-पाच रुपये भाडे आणि त्यावर टेम्पोचे डिझेल, हा मेळ बसणे कठीण. शिवाय सगळ्यांची म्हटलेली सायकल कोणाचीच नसते. तिला तेल कोण घालणार?

दुसरा फरक ठेवीचा. चीनमध्ये पेकिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१४ साली 'ओफो' नावाची कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी आवारातच पिवळ्या सायकली भाड्याने देण्यास सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेला हा उद्योग पाहता पाहता अनेक देशांत पसरला. प्रत्येक ग्राहकाकडून आधी ९९ आणि नंतर १९९ युआन ठेव घेतली जाई. २०१८ च्या अखेरीस कंपनी अडचणीत आली आणि ठेव परत मागणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. इतक्या लोकांना देण्याइतके पैसे कंपनीजवळ नव्हते.

आपण ताळेबंद मांडताना ठेव कोठे लिहितो? देणी बाजूला. ती मिळकत नव्हे, ते परत करायचे कर्ज आहे. पैसा हातात आला म्हणून तो आपला झाला, असे समजले की धंदा बुडायला वेळ लागत नाही. आजोबांनी ताळेबंद कधी मांडला नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. परंतु त्यांच्याजवळ दोन डबे होते. एका डब्यात भाड्याचे पैसे आणि दुसऱ्यात ठेवीचे. बाबा सांगतात, एकदा सणाच्या तोंडावर घरात पैसे नव्हते, तेव्हा आजीने दुसऱ्या डब्यातले थोडे घेऊ या म्हटले. आजोबा म्हणाले, "ती ठेव हाय. लोकांची हाय, आपली न्हवं." आणि ते उसने आणायला शेजारी गेले. ठेवीला कन्नडमध्ये 'ठेवणि' म्हणतात. शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे आणि अर्थही एकच, जे आपल्याजवळ नुसते ठेवलेले आहे ते.

६. मग काय करावे?

सायकल चांगली, बस वाईट, असे मला म्हणायचे नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांत रेनकोट घालून वर्गात चिंब पोचण्यापेक्षा बस बरी. ज्यांच्या पायात अधूपणा आहे, जे प्राध्यापक वयस्क आहेत, त्यांना सायकलचा उपदेश करणे हा अडाणीपणा होईल. ग्रंथालय रात्री नऊला बंद होते तेव्हा अंधाऱ्या रस्त्याने एकटीने सायकलवर जायला मी धजावणार नाही आणि आईही जाऊ देणार नाही. त्या वेळी बसमध्ये दहाच प्रवासी असले, तरी ती चाललीच पाहिजे. तिचा माणशी खर्च जास्त येईल. पण तो तोटा नव्हे, त्या बसच्या भरवशावर मुली नऊपर्यंत अभ्यास करतात.

म्हणून मला पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात :

पहिली, आवाराच्या मुख्य रस्त्यावर बस दर पंधरा मिनिटांनी असावी आणि वेळेवर असावी. प्रत्येक थांब्यावर वेळापत्रकाचा फलक मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तेथे चालणाऱ्या भाषांत असावा. परगावहून आलेल्याला त्याचा किती उपयोग होतो ते मी सांगू शकते.

दुसरी, वर्ग सुटण्याच्या वेळा थोड्या पुढेमागे कराव्यात.

तिसरी, सायकलींसाठी छप्पर असलेली जागा, हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर काढणारा एक माणूस एवढी सोय असावी. पावसात गंजलेली सायकल पाहून नवीन विद्यार्थी सायकल घेत नाही.

चौथी, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जाताना सायकली वसतिगृहात टाकून जातात आणि त्या गंजतात. त्याच वेळी नवे विद्यार्थी नव्या सायकली विकत घेतात. विद्यार्थ्यांच्या सहकारी भांडाराने मे महिन्यात जुन्या सायकली विकत घ्याव्यात, दुरुस्त कराव्यात आणि जुलैत विकाव्यात. यात ठेव नको, टेम्पो नको आणि प्रत्येक सायकलला एक मालक राहील. आजोबांच्या दुकानाचा अनुभव आणि पुण्याची योजना यांमधला हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

७. आमच्या घरचा निर्णय

आता शेवटची नोंद. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीतील विद्यार्थ्यांना सायकली देण्यास सुरुवात केली होती. आमच्या मराठी शाळेत मला ती २०१८ साली मिळाली. सहा दिवस घड्याळ लावून जिच्यावर वेळ मोजला ती हीच. सहा वर्षांचे आयुष्य धरले, तर तिचा घसारा संपून गेला आहे आणि वहीत तिची किंमत मोडीएवढीच उरते. घसाऱ्याला कन्नडमध्ये 'सवकळी' म्हणतात, म्हणजे झीज. परंतु वहीतली किंमत संपली म्हणजे वस्तूचा उपयोग संपला असे नव्हे, हे कॉमर्सच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

हिशोबाचा कागद मी बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग काही न बोलता ते मागच्या खोलीत गेले आणि आजोबांची हत्यारांची पेटी घेऊन आले. त्या रविवारी त्यांनी माझ्या सायकलचे दोन्ही टायर, चेन आणि ब्रेक बदलले. खर्च आला १,३४० रुपये. काम संपल्यावर त्यांनी मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने २३ हा आकडा घातला. आजोबांच्या सायकली बावीस होत्या.

भावाचा अर्ज आम्ही सोमवारी भरला. जून महिन्यात मी जेथे जाईन तेथे ही सायकल बरोबर असेल आणि पावसात मी बसची वाट पाहीन. फक्त ती बस वेळेवर यावी, एवढीच विनंती.